सातबाऱ्यावर बसलेला पक्षी

१९७९ साली महाराष्ट्र शासनाने एका पक्ष्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर केलं. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे दोन गोवे मावून वर हजारभर चौरस किलोमीटर उरतील एवढा हा पसारा. सोलापूर जिल्ह्यातले उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि नगर जिल्ह्यातले (आता अहिल्यानगर) कर्जत, श्रीगोंदा, नेवासे अशा तालुक्यांचा मोठा मुलूख त्यात आला. त्यात गावठाणं होती, बाजारपेठा होत्या, विहिरी, हमरस्ते सगळं होतं. वनखात्याच्या मालकीची जमीन इथे एक तुकडा, तिथे एक तुकडा अशी विखुरलेली. बाकी बहुतेक जमीन शेतकऱ्यांची, खासगी.

या अभयारण्यासाठी गावं उठवली नाहीत. लोक राहत होते तिथेच राहिले, पेरत होते ते पेरत राहिले. तरी पुढची तीसेक वर्षं या भागात माळढोकाचं नाव निघालं की कपाळाला आठ्या पडत. आणि ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला तो पक्षी? आज सोलापूरजवळच्या नन्नजच्या माळावर एखादा माळढोक दिसला तर त्याची वर्तमानपत्रात बातमी होते.

संरक्षित क्षेत्रांचा माणसांवर होणारा परिणाम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विस्थापन येतं, आणि ते चूकही नाही. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत मेळघाट होता. तिथली कोहा, कुंड, बोरी ही कोरकू गावं पुढे सपाटीवर अकोटच्या बाजूला हलवली गेली, त्यांच्यामागून आणखीही गेली. २००८ पासून कुटुंबामागे दहा लाख रुपये देण्याची योजना आली. पण पैसा हाती आला म्हणून जगणं बसतंच असं नाही. जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसित गावांतली माणसं गैरसोयींना कंटाळून जंगलातल्या जुन्या जागी परतली, आणि त्यांची वनकर्मचाऱ्यांशी मोठी झटापट झाली. दोन्हीकडची माणसं जखमी झाली. ही कहाणी निदान छापून तरी येते, तिच्यावर मोर्चे निघतात, समित्या बसतात. सोलापूरकडचा प्रकार वेगळा होता. तिथे माणूस हलला नाही, फक्त त्याच्या पायाखालच्या जमिनीची किंमत बदलली. असं नुकसान मोजायला कुणी येत नाही.

आधी पक्षी समजून घेऊ. माळढोकाचा नर मीटरभर उंच आणि वजनाला पंधरा किलोपर्यंत भरतो. उडू शकणाऱ्या जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांत त्याची गणना होते. पावसाळ्यात गळ्याची पिशवी फुगवून तो ‘हूम’ असा घुमतो आणि तो आवाज माळावर दूरवर जातो. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, खोपा नाही की आडोसा नाही. कुत्र्याने, कोल्ह्याने किंवा चुकून बैलाच्या खुराने ते गेलं की त्या वर्षाचा वंश गेला. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला नाकासमोरचं नीट दिसत नाही. वजनामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. म्हणून आज विजेच्या तारा हा त्याचा सर्वांत मोठा काळ आहे.

पण आपल्या विषयासाठी महत्त्वाचं ते हे: माळढोक जंगलात राहत नाही. त्याला झाडी नको असते. मारवेल, पवन्या, कुसळ असल्या गवतांचा माळ, मधून पडीक राने आणि शेजारी ज्वारी, करडई, हुलगा, भुईमूग यांची कोरडवाहू शेती, हे त्याचं घर. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, पिकातले दाणे, बोरं, सगळं त्याला चालतं. नाचायला त्याला आखूड गवत लागतं, जिथून मादीला तो लांबून दिसेल. अंड्याला थोडं उंच गवत लागतं. म्हणजे मेंढरं चरलेला माळ आणि न चरलेला माळ, दोन्ही जवळजवळ हवेत. पिढ्यान्‌पिढ्या ही सोय कुठल्या खात्याने केली नव्हती. धनगराच्या फिरत्या मेंढरांनी आणि पावसाच्या भरवशावर निम्मं रान पडीक ठेवणाऱ्या शेतकऱ्याने ती आपसूक केली होती. याच टापूतल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात मालदांडी ३५-१ ही ज्वारी निवडली गेली, जी आजही भाकरीसाठी लोक शोधत फिरतात. मालदांडीचा मुलूख तोच माळढोकाचा मुलूख होता.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नन्नजच्या माळावरच्या माळढोकांकडे सर्वांचं लक्ष वेधलं. देशात हा पक्षी तेव्हाच दुर्मीळ होत चालला होता. दुष्काळी भाग विकास कार्यक्रमातून नन्नजला गवताची कुरणं राखली गेली, पक्षी तिथे येत राहिले, अंडी घालू लागले. इथवर सगळं छान चाललं होतं. मग अभयारण्य आलं. माळढोक लांबलांब फिरतो, नेमका कुठे जातो हे तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून नकाशावर तालुकेच्या तालुके घेतले गेले. हेतू चांगलाच होता. पण कर्जतपासून सोलापूरपर्यंतच्या शेतकऱ्याला बसवून विचारण्याची पद्धतच तेव्हा नव्हती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात, १९९१ साली दुरुस्ती होईपर्यंत, सरकारने राजपत्रात एक अधिसूचना काढली की अभयारण्य झालं. लोकांचे हक्क काय, ते मागाहून तपासायचं.

त्या कायद्यातलं कलम २० वाचलं की गावातली चीड कळते. अधिसूचना निघाल्यावर त्या हद्दीतल्या जमिनीवर वारसाहक्क किंवा मृत्युपत्र यांखेरीज कुठल्याही मार्गाने नवा हक्क मिळवता येत नाही. सोप्या भाषेत सांगायचं तर बापाची जमीन मुलाकडे जाईल, पण खरेदीखत होणार नाही. यावर उपाय कायद्यातच आहे: जिल्हाधिकाऱ्यांनी सगळ्यांचे दावे ऐकून हक्क ठरवायचे, ज्यांची जमीन लागते त्यांची विकत घ्यायची, बाकीच्यांना मोकळं करायचं. पण ही चौकशी देशभर अभयारण्यामागून अभयारण्यात दशकानुदशकं रखडली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या राज्यांना वर्षभरात ती पुरी करण्याचा आदेश द्यावा लागला, यावरून काय ते समजा.

कोरडवाहू शेतकऱ्याला जमीन म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला या अडकण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. चार वर्षांत दोन वर्षं पाऊस दगा देतो. घरात आजारपण आलं, मुलीचं लग्न निघालं, थोरल्याला पुण्याला शिकायला पाठवायचं झालं, की दहा एकरांतला एक एकर विकून वेळ निभावायची. किंवा तो गहाण टाकून कर्ज उचलायचं. जी जमीन विकता येत नाही तिच्यावर उद्या जप्ती आणता येईल का, असा विचार कर्ज देणारा करतोच. माळावर छोटा कारखाना, हॉटेल, रस्ता, काहीही काढायचं म्हटलं की वनखात्याच्या परवानगीची पायरी आली. या सगळ्याचा मोबदला म्हणून या शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं? काही नाही. पर्यटनाची पैदास नाही, कारण माळावर वाघासारखी जिप्सीची रांग लागत नाही. नोकऱ्या म्हणाल तर थोड्या वनमजुरांच्या. पक्षी मात्र त्याच्याच शेतात येऊन त्याच्याच भुईमुगाचे दाणे वेचत होता, आणि या गोष्टीचं तोवर त्याला फारसं काही वाटलंही नव्हतं.

याच वर्षांत याच टापूत शासनाचं दुसरं एक खातं आपलं काम उरकत होतं. भीमेवरचं उजनी धरण १९८०च्या सुमारास पूर्ण झालं. कालव्यांचं पाणी माढा, मोहोळ, करमाळ्याच्या काळ्या रानांत फिरलं, आणि जिथे हुलगा व करडई होती तिथे ऊस उभा राहिला. आज साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. नन्नजचं नाव तर आज दुसऱ्याच कारणाने घराघरांत आहे. ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ ही द्राक्षं ज्या नानासाहेब काळे यांनी पुढे आणली ते नन्नजचे. ज्या गावाने पक्ष्यांच्या पुस्तकात जागा मिळवली त्याच गावाने द्राक्षबागायतदारांच्या वहीतही मिळवली, आणि दोन्ही एकाच जमिनीवर. द्राक्षाच्या मांडवाचे लोखंडी खांब, तारा, ठिबकच्या नळ्या आणि बारमाही माणसांचा राबता यांत माळढोकाने अंडं कुठे घालायचं?

मला यातली सर्वांत बोचणारी गोष्ट ही वाटते. अभयारण्याच्या कायद्याने एक एकर विकू पाहणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचा हात धरला, पण कालवा अडवला नाही, ऊस अडवला नाही, विजेचे खांब अडवले नाहीत. अडवायला हवे होते असं मी म्हणत नाही. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला ‘तू पाणी घेऊ नकोस, आम्हाला पक्षी हवा आहे’ असं सांगण्याचा अधिकार पुण्या-मुंबईत बसलेल्या निसर्गप्रेमींना कुणी दिला? पण मग दोन खात्यांनी एकमेकांशी बोलून ठरवायला हवं होतं की कुठल्या पाच-पन्नास गावांचा माळ माळच राहील आणि त्या गावांना त्याचे किती पैसे मिळतील. ते झालं नाही. संरक्षणाचा जाच ज्याची ताकद कमी त्याला झाला, आणि मोठा बदल मात्र सरकारी पाटाने आत आला.

मध्य प्रदेशातल्या करेरा इथे याच नाटकाचा आणखी कडवा प्रयोग झाला. शिवपुरी जिल्ह्यातल्या या भागात १९८१ साली माळढोकासाठी सुमारे २०२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. इथेही जमीन जवळजवळ सगळी गावकऱ्यांची. सुरुवातीला लोकांना त्याचं कौतुक होतं. आपल्या शेतातला पक्षी बघायला लांबून साहेब येतात, हे त्यांना आवडलं. संख्या वाढलीही. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे असद रहमानी यांनी १९८०च्या दशकात करेरा आणि नन्नज दोन्हीकडे या पक्ष्याचा अभ्यास केला. पुढे काय झालं तेही त्यांनीच लिहून ठेवलं. संरक्षणामुळे काळवीट फार वाढले आणि उभी पिकं खाऊ लागले. जमीन विकता येईना. राग काळविटावर निघण्याऐवजी माळढोकावर निघाला, कारण हे सगळं त्याच्या नावाने आलं होतं. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत करेऱ्यात माळढोक उरला नाही. अभयारण्य मात्र त्याच्यामागे कित्येक वर्षं कागदावर राहिलं आणि लोकांची जमीन अडकलेलीच राहिली.

नन्नजकडेही काळवीट वाढले. हुरड्यावर आलेल्या ज्वारीत रात्री काळविटांचा कळप शिरला तर सकाळी रान कसं दिसतं, ते बांधावर उभं राहून बघावं. कणसं पूर्ण खाल्लेली नसतात. अर्धी कुरतडलेली, ताटं मोडून आडवी, मधल्या सऱ्यांत खुरांचा चिखल. भरपाईची सोय आहे. ठरल्या मुदतीत अर्ज करायचा, सोबत सातबारा जोडायचा, मग वनखातं, महसूल आणि शेतीखातं यांच्या माणसांनी मिळून पंचनामा करायचा. तिघांची तारीख जुळेपर्यंत रान वाळतं. शिवाय पंचनाम्यात मोडलेलं पीक येतं. थंडीत माळ्यावर बसून गोफण हाती घेऊन केलेली राखण, झोप, बुडालेली मजुरी यांतलं काही येत नाही. वन्यजीवांचा खर्च असा किरकोळीत वसूल होतो, म्हणून तो राज्याच्या हिशोबात कधी दिसत नाही.

धनगरांची गोष्ट आणखी वेगळी. राखीव कुरणांभोवती चर खणले गेले, आत मेंढरं येऊ देईनात. सरकारी नकाशांत गवताळ माळ बहुधा ‘पडीक जमीन’ म्हणून नोंदला जातो. मग त्या पडीकाचं भलं करायचं म्हणून त्यावर झाडं लावली जातात. माळढोकाच्या अभयारण्यातही गिरिपुष्पासारख्या झाडांची लागवड झाली. झाडं आली की माळढोक ती जागा सोडतो, आणि मेंढरांचं गवतही जातं. एका फटक्यात पक्षी आणि धनगर दोघांचं रान गेलं. उरला तो लांडगा, जो नन्नजच्या माळावर आजही आहे आणि संधी मिळाली की मेंढरू उचलतो. त्याची भरपाई मागायला धनगराकडे त्या गावचा सातबारा नसतो, कारण तो फिरस्ता.

चराईबंदीने निसर्ग सुधारतोच, हे गृहीतक भरतपूरमध्ये चांगलंच उघडं पडलं. केवलादेव पक्षी अभयारण्याचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८२ साली म्हशींना बंदी झाली. आजूबाजूच्या गावांनी विरोध केला, पोलिसांच्या गोळीबारात गावकरी मेले. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने दशकभर केलेल्या अभ्यासात असं निघालं की म्हशी गेल्याने पाण्यातलं गवत बेसुमार माजलं, मोकळं पाणी आक्रसलं आणि पाणपक्ष्यांची सोय उलट कमी झाली. मग गवत कापून न्यायला गावकऱ्यांनाच बोलवावं लागलं. ज्या जनावरांना हाकललं ती फुकटात तेच काम करत होती.

तर सोलापूरकडे परत येऊ. अभयारण्याची हद्द कमी करा ही मागणी जुनी होती, पण ते सोपं नव्हतं. २००० सालापासून सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय कुठल्याही अभयारण्याची अधिसूचना रद्द करता येत नाही. शेवटी २०१२च्या सुमाराला क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. सात हजारांहून जास्त चौरस किलोमीटर मोकळे झाले. शेतकऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तोवर इथले माळढोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले होते आणि २०११ साली जागतिक यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झालेली होती. आज ते देशभरात मिळून दीडशेच्या आत, त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे.

दुसरी वाट नव्हतीच असं नाही. कर्जत तालुक्यातलंच रेहेकुरी घ्या. १९८० साली काळविटांसाठी झालेलं अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, जे आजही तग धरून आहे. काळवीट हद्द मानत नाहीत, शेजारच्या शेतांत जातातच, पण निदान नकाशावरची रेघ वनखात्याला सांभाळता येण्याजोगी आहे. माळढोकाला एवढ्याशा जागेत भागत नाही हेही खरं, आणि इथेच पोर्तुगालमधला कास्त्रो व्हेर्दे हा भाग बघण्यासारखा आहे. तिथे युरोपातला मोठा माळढोक राहतो, आपल्या माळढोकाचा चुलतभाऊ. धान्य आणि पडीक यांच्या आलटून-पालटून घेतल्या जाणाऱ्या कोरडवाहू शेतीवर तो जगतो, अगदी सोलापूरसारखा. १९९५पासून तिथे अशी शेती चालू ठेवणाऱ्या शेतकऱ्याला युरोपीय संघाच्या शेती निधीतून दर हेक्टरी पैसे मिळू लागले. पक्षी वाढले. जमीन कुणाची अडकली नाही, आणि जुनी शेती करणं हा तोट्याचा हट्ट राहिला नाही.

आपल्याकडे २००२च्या दुरुस्तीने ‘समुदाय राखीव’ नावाचा एक प्रकार कायद्यात आला. खासगी किंवा गावाची जमीन मालकांनी स्वतःहून पुढे केली तर ती संरक्षित करायची, आणि कारभार बघणाऱ्या समितीत ग्रामपंचायतीने नेमलेली माणसं असायची. ऐकायला हे चांगलं आहे. पण एकदा जाहीर झाल्यावर त्या जमिनीचा वापर बदलायचा तर समितीचा ठराव आणि वर राज्य सरकारची मंजुरी लागते. बदल्यात मालकाला काय मिळेल, याबद्दल कायदा काही बोलत नाही. १९७९चा अनुभव पाठीशी असलेला माढ्याचा शेतकरी असल्या कागदावर सही करील, असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा कुर्डुवाडीच्या बाजारात जाऊन विचारून बघावं.

जैसलमेरमध्ये आज वारं थोडं वेगळं आहे. तिथले पशुपालक आपल्या ओरणांसाठी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या चराऊ माळांसाठी, सौर आणि पवनऊर्जा कंपन्यांच्या तारांविरुद्ध उभे राहिले आहेत. देगराय मातेच्या ओरणात उंट चरतात आणि माळढोकही येतो. दोघांचं रान एकच आहे हे तिथल्या लोकांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. दुसरीकडे २०१९पासून सम इथे माळढोकांची पिल्लं माणसाच्या देखरेखीखाली वाढवली जात आहेत आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची संख्या वाढते आहे. उद्या ते सोडायचे ठरले तर राजस्थानबाहेर कुठे, हा प्रश्न येणार, आणि जुन्या यादीत नन्नजचं नाव वर असणार. तेव्हा तारा जमिनीखाली घालायचा खर्च कोण करील याची चर्चा होईलच. ज्वारी, हुलगा पेरून निम्मं रान पडीक ठेवणाऱ्याला उसाच्या मानाने एकरी किती तोटा येतो, तो कोण भरून देणार आणि किती वर्षं, हेही त्याच बैठकीत आणि पक्षी सोडण्याआधी ठरवावं लागेल.